कामाच्या दौऱ्यात उरलेली सुट्टी आणि तोमोनोउरा

कंपनीच्या कामासाठी जपानला जाणाऱ्या पुणे-चाकणच्या मंडळींवर एक वेळ हमखास येते. काम लवकर आटोपतं, तिकीट अलीकडे आणायला परवडत नाही, आणि मधल्या दिवसांचं करायचं काय हे कळत नाही. बहुतेक जण ओसाका गाठतात, नाहीतर हॉटेलात लोळत पडतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी याच कात्रीत सापडले आणि शेवटी तोमोनोउरा नावाच्या एका बंदराच्या गावात एकटीच जाऊन राहिले. जाण्याआधी मला ज्या ज्या गोष्टींची धास्ती होती, त्यांच्याबद्दल मराठीत काहीच सापडलं नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कागदपत्रांचा भाग रटाळ वाटला तरी गाळू नका. माझी झोप मुख्यतः त्यानेच उडवली होती.

मी गुणवत्ता विभागात आहे. नवीन मशीन भारतात रवाना होण्याआधी तिथे जाऊन चाचणी बघायची, मापं तपासायची आणि सही करायची, एवढं काम. कारखाना हिरोशिमा प्रांतातल्या फुकुयामा शहराबाहेर. चाचणी रेंगाळेल या हिशोबाने परतीचं तिकीट मंगळवार, २५ फेब्रुवारीचं काढलं होतं, ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून. प्रत्यक्षात गुरुवारी दुपारीच सगळी मापं बसली आणि शुक्रवारी सकाळी कागदांवर शिक्के उमटले. रविवारी, २३ तारखेला सम्राटांचा वाढदिवस. राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली की तिची भरपाई सोमवारी मिळते, त्यामुळे कारखाना थेट मंगळवारी उघडणार होता. तिकीट बदलायचा फरक ऐकून आमच्या ट्रॅव्हल डेस्कनेच नको म्हटलं. सोबतचा सहकारी टोकियोला मावसभावाकडे निघून गेला. उरले मी, आणि स्टेशनसमोरचं एक बिझनेस हॉटेल, ज्याच्या खोलीत बॅग उघडली की चालायला जागा उरत नव्हती.

आता कागद. कामाच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी तिकडच्या कंपनीकडून निमंत्रणपत्र, हमीपत्र आणि मुक्कामाचं वेळापत्रक लागतं. या वेळापत्रकात कुठल्या तारखेला कुठे राहणार हे पत्त्या-फोनसकट लिहिलेलं असतं. माझ्या वेळापत्रकात शेवटच्या दिवसापर्यंत हेच हॉटेल होतं. मग दुसऱ्या गावात जाऊन राहिलं तर चालतं का? आपल्याकडे सरकारी कागदावर लिहिलं एक आणि केलं दुसरं, तर काय होतं याचा अनुभव असल्यामुळे माझ्या पोटात गोळा आला. ज्या बाईंनी माझी कागदपत्रं केली होती त्यांना ईमेलने विचारलं. उत्तर तासाभरात आलं. वेळापत्रक व्हिसाचा निर्णय घेण्यासाठी असतं. देशात शिरताना पासपोर्टवर जे स्टिकर लावतात त्यावर मुदत आणि ‘टेम्पररी व्हिजिटर’ असा दर्जा लिहिलेला असतो. त्या मुदतीत देशात कुठेही फिरता येतं, पर्यटनही त्यातच बसतं, फक्त तिथे पैसे घेऊन काम करायचं नाही. मात्र हमीदार आम्ही आहोत, तेव्हा नवीन पत्ता आणि फोन कळवा, असं त्यांनी नम्रपणे दोनदा लिहिलं होतं. मी कळवला.

पुण्याच्या एचआरचं प्रकरण त्याहून लांबलं. त्यांना ‘वैयक्तिक मुक्काम’ असा फॉर्म हवा होता: या दिवसांचं हॉटेल आणि दैनिक भत्ता मिळणार नाही हे मान्य आहे, अशी सही. ती दिली. पण कंपनीने काढलेला प्रवास विमा या दिवसांना लागू आहे का, हे कुणी छातीठोकपणे सांगेना. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा प्रश्न फोनवर विचारू नका, ईमेलवर विचारा आणि ‘परतीच्या तारखेपर्यंत लागू’ हे शब्द लेखी घ्या. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. पुण्यात साडेनऊला ऑफिस उघडतं तेव्हा तिथे दुपारचा एक वाजलेला असतो. शुक्रवारचा दिवस त्या उत्तराची वाट बघण्यातच गेला.

वाट बघता बघता जागा शोधत होते. लांब सुट्टीमुळे क्योतोचे दर डोळे पांढरे करणारे, हिरोशिमात जे उरलं होतं ते धूम्रपानाच्या खोल्यांमध्ये. तोमोनोउराचं नाव मी ऐकलंही नव्हतं. हॉटेलच्या काउंटरवर एक पत्रक होतं, जुन्या लाकडी घरात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या आणि खाली बंदराचा नकाशा. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, इथून बसने अर्धा तास. माझा निर्णय तिथेच झाला, आणि तो बाहुल्यांमुळे नव्हे. जागा वाईट निघाली, भीती वाटली, तर अर्ध्या तासात ओळखीच्या स्टेशनवर परत येता येईल, या एका गोष्टीमुळे. एकटीने पहिल्यांदा कुठे जायचं असेल तर गाव निवडताना हा निकष लावा.

राहायची सोय मात्र सहज झाली नाही. छोट्या गावातल्या जपानी पद्धतीच्या पारंपरिक लॉजना, म्हणजे र्‍योकानना एकटं गिऱ्हाईक फारसं नको असतं, कारण त्यांचे दर माणशी असतात आणि दोघांच्या खोलीत एक राहिला की निम्मं उत्पन्न जातं. इंग्रजी बुकिंग साइटवर मला गावात एकही खोली दिसेना. रिसेप्शनवरच्या त्याच मुलीने स्वतःहून फोन लावायला घेतले. दोन-तीन ठिकाणी नम्र नकार, मग एका छोट्या घरगुती ठिकाणाने होकार दिला: फक्त नाश्ता, रात्रीचं जेवण नाही, एका रात्रीचे साडेआठ हजार येन. त्या दिवसांत शंभर येन म्हणजे साधारण ५७-५८ रुपये होते, म्हणजे पाच हजारांच्या जरा खाली. फोनवर त्यांनी बरंच विचारलं. किती वाजता पोहोचणार, जमिनीवरच्या गादीवर झोपता येईल ना, मासे चालतात का, कच्चे चालतात का. माझं माहेर देवगडचं, माशांची अडचण नव्हती. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. नुसतं ‘मासे नको’ म्हटलं तर ताटातला तुकडा जाईल, पण सूप आणि भाज्यांमध्ये सुक्या माशांचा अर्क राहीलच. तोही नको असेल तर ते वेगळं सांगावं लागतं, आणि छोट्या गावात ते जमेलच असं नाही. नाश्ता न घेता फुकुयामाहून काही घेऊन जाणं सोपं.

मोठी बॅग बिझनेस हॉटेलने सोमवारपर्यंत फुकट ठेवून घेतली. विचारलं तर बहुतेक हॉटेलं ठेवतात. पाठीवरच्या पिशवीत दोन जोड कपडे, थर्मल, औषधं आणि पासपोर्ट. पासपोर्ट खोलीत ठेवून फिरायचं नाही, परदेशी पर्यटकाने तो कायम जवळ बाळगायचा असा तिथला कायदाच आहे.

शनिवारी सकाळी स्टेशनमधल्या एटीएममधून तीस हजार येन काढले. सेव्हन बँकेची आणि पोस्टाची एटीएम आपली कार्डं घेतात, बाकीच्यांचा भरवसा नाही. गावात काही ठिकाणी कार्ड चालतं, काही ठिकाणी नाही, म्हणून रोख हवीच. दुकानातून दोन ओनिगिरी (भाताचे गोळे), केळी आणि रात्रीसाठी कप नूडल्स घेतले. बस रेल्वे स्टेशनच्या दक्षिण दारातून सुटते, वीसेक मिनिटांनी एक. मागच्या दाराने चढायचं आणि दाराशी असलेल्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढून घ्यायची. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पाटी असते, तिच्यावर प्रत्येक नंबराखालचं भाडं बस पुढे जाईल तसं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि तेवढेच सुटे पैसे पेटीत टाकायचे. पेटी सुटे परत देत नाही. तिच्या शेजारी नोट मोडायची फट असते, पण तिच्यात हजाराचीच नोट चालते. एटीएममधून येतात दहा हजाराच्या नोटा, त्यामुळे आधी दुकानात काहीतरी घेऊन मोडून घ्या. बंदरापर्यंत साडेपाचशे येनच्या आसपास पडले.

शहर संपतं, कारखान्यांच्या भिंती मागे पडतात आणि अचानक डाव्या हाताला समुद्र लागतो. गावात शिरताना रस्ता इतका अरुंद होतो की समोरून टेम्पो आला तर दोघांपैकी एकाला मागे सरकावं लागतं. याच रस्त्यावरून इथे मोठा वाद झाला होता. १९८३ मध्ये बंदराचा काही भाग भरून त्यावरून पूल न्यायची योजना निघाली. रुग्णवाहिका यायला रस्ता हवा म्हणणारे गावकरी एका बाजूला, बंदर वाचवा म्हणणारे दुसऱ्या बाजूला. प्रकरण कोर्टात गेलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये हिरोशिमाच्या जिल्हा न्यायालयाने भरावाला मनाई केली. पुढे प्रांताने पुलाचा नाद सोडून डोंगरातून बोगदा काढायचं ठरवलं. मी पर्यटक, मला पूल झाला नाही हे छानच वाटणार. पण काठी टेकत भिंतीला चिकटून गाडीला वाट देणाऱ्या आजी बघितल्यावर, रस्ता मागणाऱ्यांचं म्हणणं खोटं होतं असं म्हणवेना.

पोहोचले तेव्हा अकरा वाजत होते आणि खोली मिळणार चार वाजता. पिशवी ठेवून बंदरावर गेले. इथे मी नुसती बसले तरी माझा वेळ छान जातो, कारण बंदरं मला वाचता येतात. हे बंदर अर्धगोल आहे आणि काठाला सलग दगडी पायऱ्या पाण्यात उतरत जातात. भरती असो की ओहोटी, होडी कुठल्या ना कुठल्या पायरीला लागतेच, हमाल चढउतार करू शकतात. अष्टमी होऊन गेली होती, म्हणजे भांगाची भरती, पाणी फार वरखाली होत नव्हतं. तरी खालच्या पायऱ्यांवर शेवाळाची हिरवी पट्टी, तिच्यावर कालवांची खरबरीत पांढरी पट्टी आणि त्यावर कोरडा दगड, असे थर स्पष्ट दिसत होते. उधाणाचं पाणी कुठवर चढत असेल ते त्या पट्ट्यांवरून ताडता येत होतं.

पायऱ्यांच्या टोकाला १८५९ सालचा दगडी दीपस्तंभ उभा आहे, जोयातो. एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) बंदराच्या पाच गोष्टी, म्हणजे दीपस्तंभ, पायऱ्या, लाटा अडवणारा बांध, पहारेकऱ्यांची चौकी आणि जहाजांचे तळ शेकायची जागा, एकाच ठिकाणी शिल्लक असलेलं हे बंदर. तळ शेकायची जागा मला सगळ्यात आवडली, जरी तिथे बघायला फक्त दगडी फरशी आहे. लाकडी जहाज ओहोटीला तिथे बसवायचे आणि खालून जाळ करून तळाला लागलेला किडा आणि शेवाळ मारायचे.

हे गाव मुळात इथे का वसलं, त्याचं उत्तर समोरच्या पाण्यात आहे. सेतो अंतर्गत समुद्राला पूर्वेकडून किइ सामुद्रधुनीतून आणि पश्चिमेकडून बुंगो सामुद्रधुनीतून भरती येते, आणि दोन्ही बाजूंचं पाणी तोमोनोउराच्या समोर भेटतं. ओहोटी लागली की इथूनच ते दोन्हीकडे परत फिरतं. शिडाची जहाजं भरतीवर इथपर्यंत यायची, पाणी फिरायची वाट बघत थांबायची आणि मग ओहोटीवर पुढे निघायची. थांबणाऱ्या खलाशांवर आणि व्यापाऱ्यांवर गाव पोसलं गेलं. इंजिनाची जहाजं आली, थांबायची गरज संपली, आणि गाव आहे तसं राहून गेलं.

दीपस्तंभाजवळच्या एका जुन्या गोदामात इरोहा मारू जहाजाचं छोटं संग्रहालय आहे. जपानी लोक तिथे गर्दी करत होते, त्यांचा लाडका, एकोणिसाव्या शतकातला सामुराई पुढारी साकामोतो र्‍योमा त्या जहाजावर होता म्हणून. १८६७ मध्ये किशू संस्थानाचं मोठं जहाज त्याच्या जहाजावर आदळलं आणि इरोहा मारू या भागात बुडालं. र्‍योमाने किशूच्या अधिकाऱ्यांना याच गावात गाठून वाटाघाटी केल्या. त्या पुढे नागासाकीला गेल्या आणि शेवटी किशूला भरपाई कबूल करावी लागली. वर्ष संपायच्या आत र्‍योमाचा खून झाला. बुडालेल्या जहाजाच्या वस्तू काचेत मांडल्या आहेत. माहिती जपानीतच होती, मी फोनचा कॅमेरा धरून भाषांतर वाचत होते.

दुपारी गल्ल्या फिरले. बाहुल्या खरंच घराघरांत होत्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावातली घरं आणि दुकानं आपापल्या हिना बाहुल्या दर्शनी भागात मांडतात. एका घरात, बहुतेक पूर्वीचं दुकान असावं, आजीबाईंनी हाताने आत बोलावलं. लाल कापडाच्या पायऱ्या, वर राजा-राणी, खाली दासी, वादक आणि अगदी तळाला इवलीशी बैलगाडी. एका दासीचं नाक घासून पांढरं पडलं होतं. फोनवरच्या भाषांतरातून आजी म्हणाल्या, हा संच सासूबाईंच्या माहेरून आला, आता मुली ओसाकाला असतात, फ्लॅटमध्ये मांडायला जागा नाही. मी त्यांना गौरींचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून मुखवटे मोठे करून बघितले आणि विचारलं, रात्री यांना थंडी नाही का वाजत? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

होमेइशु नावाचं औषधी मद्य या गावचं. १६५९ पासून बनतं, त्यात सोळा वनौषधी. आता गावात चारच घरं ते बनवतात. दुकानात बोटभर पेल्यात चव देतात. गोड, दाट, दालचिनी-लवंगेचा वास आणि मागून काढ्यासारखा कडवटपणा. लहान बाटली घेतली. हे मद्य पहिल्यांदा बनवणाऱ्यांचा वाडा आता ओता घराण्याच्या नावाने ओळखला जातो आणि बघता येतो. तिकीट चार-पाचशे येन, आणि आतला काळोखा गारवा भर थंडीत सोसवत नाही. पाय गारठून बाहेर आले. जाड मोजे न्या, सगळीकडे बूट काढावे लागतात.

चार वाजता खोलीवर. परदेशी पर्यटकाचा पासपोर्ट बघून त्याची प्रत ठेवणं हॉटेलांना बंधनकारक आहे, तेव्हा मागितला तर बिचकू नका. फॉर्मवर नाव, भारतातला पत्ता, आधीचा आणि पुढचा मुक्काम. मालकीणबाईंनी आंघोळीची वेळ विचारली. स्नानगृह सामाईक, पण त्या म्हणाल्या की पाऊण तास तुमच्यासाठी राखून ठेवते. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ व्हायचं, मग गरम पाण्याच्या हौदात नुसतं बसायचं. दिवसभराची थंडी त्या पाण्याने काढली.

आणि मग साडेसहा वाजले, अंधार पडला आणि गाव बंद झालं. शब्दशः. दुकानं पाचला मिटतात, दिवसभराचे पर्यटक बसने फुकुयामाला परततात. नूडल्स आणले होते म्हणून बरं. खोलीत मी, एक हीटर आणि कागदी सरकत्या दाराला कुलूप नाही. खरं सांगते, त्या रात्री मला जाम भीती वाटली. कुणाची म्हणून नव्हे. आजवर कामाचे कितीतरी दौरे केले होते, पण प्रत्येक वेळी मी कुठे आहे हे कुणीतरी ठरवलेलं असायचं. इथे मी आहे याला काहीच कारण नव्हतं. घरी फोन केला. आई म्हणाली, “समोर काय दिसतंय?” मी म्हटलं, अंधार, आणि एका बेटावर दिवा. ते बेन्तेनजिमा, बेन्तेन म्हणजे आपल्या सरस्वतीचंच जपानी रूप, हे सांगितल्यावर तिचा सूर बदलला. “मग काळजी नाही. दाराला खुर्ची लावून झोप.” खोलीत खुर्ची नव्हती. पिशवी लावली.

रविवारचा नाश्ता साडेसातला. भाजलेला मासा, मिसो सूप, भात, लोणचं, गुंडाळलेलं अंडं, आणि चिकुवा नावाची माशाच्या लगद्याची भाजकी नळी, हीसुद्धा इथली खासियत. मालकीणबाई समोर बसून मी काय उचलते ते बघत होत्या. मी माशाचं डोकंही सोडलं नाही तेव्हा त्या मोठ्याने हसल्या आणि आत जाऊन आणखी एक मासा घेऊन आल्या.

लवकर बाहेर पडल्याचा फायदा म्हणजे फुकुझेन्जी देवळाचं ताइचोरो दालन जवळपास रिकामं मिळालं. १६९० च्या सुमारास बांधलेलं पाहुण्यांचं दालन. शोगुनकडे, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याकडे, जाणारी कोरियाची शिष्टमंडळं इथे उतरायची. १७११ मध्ये त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने इथून दिसणारं दृश्य जपानात पहिल्या क्रमांकाचं, असं लिहून ठेवलं. दालनाला नाव १७४८ च्या शिष्टमंडळाने दिलं. ततामीवर, म्हणजे गवताच्या चटईवर, बसलं की खांबांच्या चौकटीत बेन्तेनजिमा, तिच्यावरचा छोटा पॅगोडा आणि मागे सेन्सुइजिमा बेटाचा हिरवा डोंगर बसतो. उभं राहून फोटो काढलात तर मध्ये रस्ता आणि विजेच्या तारा येतात, बसून काढा.

मग बोटीने सेन्सुइजिमा. जाऊन-येऊन २४० येन, पाच मिनिटांचा प्रवास, वीस मिनिटांनी एक बोट. बेटावर वस्ती नाही म्हणावी इतकी कमी, पायवाटा आणि किनाऱ्यालगत पाच रंगांचे खडक. हा सगळा भाग १९३४ मध्ये जाहीर झालेल्या सेतोनाइकाइ राष्ट्रीय उद्यानात येतो, जपानच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एक. ओनिगिरी खायला बाकावर बसले तर डोक्यावर घार घिरट्या घालू लागली. घारींपासून सांभाळा अशी चित्राची पाटी शेजारीच होती. देवगडच्या धक्क्यावर वाढलेल्या बाईला ही पाटी लागत नाही, मी पाठ भिंतीला लावून खाल्लं.

दुपारी तीननंतर मला चक्क कंटाळा आला. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. गाव लहान आहे, बघून होतं. पत्रकातल्या फोटोंइतकं देखणंही नाही. बंद पडलेली घरं बरीच, गंजलेले पत्रे, माणसं बहुतेक सत्तरीच्या पुढची. एकटीने आल्यावर ‘आता काय’ हा प्रश्न कुणाला विचारायचा नसतो. इओजी देवळामागून डोंगरावरच्या छोट्या मंदिराकडे ५८३ पायऱ्या जातात, त्या चढले. दम लागला, विचार थांबले. वरून सगळं बंदर, बेटं आणि त्यांच्यामधून सावकाश जाणारं एक मालवाहू जहाज दिसलं. उतरताना काळोख व्हायला आला होता, पायऱ्यांवर दिवे नाहीत. हिवाळ्यात चारच्या आधी चढा.

संध्याकाळी मालकीणबाईंनी एका खाणावळीत फोन करून माझ्यासाठी जागा धरली. इथे आयत्या वेळी जाऊन चालत नाही, माणसं किती हे बघूनच मासे आणतात. ताइ माशाचा भात, सूप आणि नेबुतो नावाच्या बोटाएवढ्या माशांची तळणी, दोन हजार दोनशे येन. ताइ दिसायला तांबोशीच्या जवळचा, पण मांस पांढरं आणि सौम्य. नेबुतो हाडांसकट खायचा. मिठाशिवाय त्याला काही लावलेलं नव्हतं आणि तिखट-कोकमाची आठवण येऊनही मी ताटलीतला एकही उरू दिला नाही. मालकाने दोन्ही हातांनी ताटली उचलून बायकोला दाखवली. आठच्या आत खोलीवर परत आले. त्या रात्री दाराला पिशवी लावायचं सुचलं नाही.

सोमवारी एकादशी होती, आईने आदल्या रात्रीच आठवण करून दिली होती. नाश्त्याला पुन्हा आख्खा मासा आला. मालकीणबाईंना एकादशी समजावून सांगणं फोनच्या भाषांतराला झेपलं नाही. ‘आज चंद्राचा अकरावा दिवस, म्हणून मासा नको’ हे वाचून त्यांनी काळजीने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी भात आणि लोणचं खाल्लं, मासा त्यांनी फॉइलमध्ये बांधून दिला.

साडेदहाच्या बसने फुकुयामा, बॅग ताब्यात घेतली, मग शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभरात शिन-ओसाका आणि तिथून हारुका गाडीने विमानतळाजवळच्या हॉटेलात. सुट्टीचा शेवटचा दिवस असल्याने अनारक्षित डब्यात उभं राहावं लागलं. अशा दिवशी आरक्षणाचे जास्तीचे पैसे भरा. होमेइशुची बाटली चेक-इनच्या बॅगेत थर्मलमध्ये गुंडाळून टाकली. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, तेव्हा काही जाहीर करायची गरज पडली नाही. बुधवारी, महाशिवरात्रीला घरी.

खर्च विचाराल तर तोमोनोउराचा राहणं, जेवण, बस, बोट, तिकिटं आणि ती बाटली धरून पंचवीस हजार येनच्या आत, म्हणजे साधारण चौदा हजार रुपये. फुकुयामा ते विमानतळ हा रेल्वेप्रवास कंपनीच्या खात्यात बसतो, कारण तो तसाही होणारच होता. त्यासाठी पावती लागते आणि गाडीचं तिकीट तर बाहेर पडताना फाटकाचं यंत्र गिळून टाकतं. तिकीट काढतानाच मशीनवर पावतीचं बटण दाबा, नाहीतर खिडकीवर मागून घ्या. माझ्याकडे पावती होती, तरी अकाउंट्सने विचारलं की शुक्रवारी काम संपलं असताना रेल्वेचं तिकीट सोमवारचं कसं. मी एचआरचा तो ‘वैयक्तिक मुक्काम’ फॉर्म जोडून पाठवला. पैसे एप्रिलच्या पगारात जमा झाले.